बीएमआय २७.४ ते २४.६: मोजण्यापासून टिकवण्यापर्यंतच्या नोंदी

वजन आणि उंची जवळपास सगळ्यांना माहीत असते, निदान तसं वाटतं. ती नीट मोजून, वजन थोडं खाली आणून तिथेच ठेवायचं, एवढंच हे काम. करायला निघालेल्याचा वेळ वाचावा म्हणून जिथे अडलं तिथे जास्त लिहिलंय. वय ४४, पुरुष, बैठं काम.

५ जानेवारी

ओळखपत्रावर उंची १७० सेंमी. कधी आणि कोणी मोजली देव जाणे. बीएमआय म्हणजे उंचीच्या मानाने वजन किती ते सांगणारा आकडा. त्याचं सूत्र साधं आहे, किलोतलं वजन भागिले मीटरमधल्या उंचीचा वर्ग. पण त्या वर्गामुळे उंचीतली चूक दुप्पट होऊन अंगाशी येते: उंची एक टक्का हुकली की उत्तर दोन टक्के हुकतं. म्हणून काट्याच्या आधी उंची.

भिंतीला टेकून उभा राहिलो. भिंतीच्या तळाशी स्कर्टिंगची फरशी सेंटिमीटरभर पुढे आलेली असते. टाचा तिला टेकल्या की पाठ भिंतीपासून सुटते आणि माणूस नकळत मागे रेलतो. पेन्सिलीच्या खुणा दर वेळी वेगळ्या. मग दाराच्या चौकटीला उभा राहिलो, तिथे स्कर्टिंग नसतं.

डोक्यावर पुस्तक ठेवून खूण करायची पद्धत सोडून द्या. पुस्तक कललं तर ते धरणाऱ्याला कळत नाही. सुताराचा गुण्या, म्हणजे काटकोनी पट्टी, आणला. एक भुजा चौकटीला चिकटवायची, दुसरी केस दाबून टाळूवर टेकवायची, आणि भुजेच्या खालच्या कडेला बारीक टोकाच्या पेन्सिलीने रेघ. पाय अनवाणी, टाचा जुळलेल्या, नजर समोर. हनुवटी वर नको: डोळ्याच्या खोबणीची खालची कड आणि कानाचं भोक एका आडव्या रेषेत यायला हवं. हे एकट्याने जमत नाही. बायकोने गुण्या धरला. जमिनीपासून रेघेपर्यंत स्टीलच्या टेपने मोजलं. शिवणाच्या डब्यातली कापडी टेप वापरून वापरून ताणलेली निघाली, ती बाद.

१६७.४ सेंमी. ओळखपत्रातले अडीच सेंटिमीटर गेले.

८ जानेवारी

काटा. तीनदा उभा राहिलो, तिन्ही वेळा ७६.८. खूश झालो, मग संशय आला. बरेच डिजिटल काटे आधीच्या आकड्याच्या जवळपास वजन आलं की नवा आकडा न दाखवता जुनाच परत दाखवतात, म्हणजे काटा अचूक वाटतो. पाण्याचा भरलेला कॅन हातात घेऊन एकदा उभा राहिलो, उतरलो, कॅन ठेवून पुन्हा उभा राहिलो. आता ७६.५. कॅनची युक्ती दुसऱ्या कामालाही येते. एक लिटर पाणी म्हणजे जवळजवळ एक किलो. रिकामा कॅन आणि दहा लिटर पाण्याचा कॅन घेऊन येणाऱ्या आकड्यांत दहा किलोचा फरक दिसला, तर काटा ठीक. माझ्याकडे ९.९ आला, चालेल.

काट्याच्या चारही पायांत वजन ओळखणारे सेन्सर असतात. एक पाय फरशीच्या सांध्यावर आला की अर्धा किलो इकडे तिकडे. एकाच सपाट फरशीवर खडूने चार कोपरे आखून ठेवलेत. जागा बदलली की एकदा हलकेच दाबून शून्य येऊ द्यायचं, मगच चढायचं.

९ जानेवारी

काल रात्री सहज पुन्हा उंची मोजली: १६६.२. सकाळी उठल्यावर १६७.४. दिवसभर मणक्यांमधल्या चकत्या दबतात, त्यामुळे संध्याकाळी माणूस सेंटिमीटरभर बुटका होतो. काट्याचा पहिला आकडा, ७६.८ किलो, धरून गणित केलं:

उंची १७० धरली तर २६.६
सकाळची १६७.४ धरली तर २७.४
रात्रीची १६६.२ धरली तर २७.८

माणूस तोच. जागतिक आरोग्य संघटनेच्या पट्ट्यांत १८.५ च्या खाली कमी वजन, २५ पासून जास्त वजन, ३० पासून लठ्ठपणा. आशियाई लोकांना मधुमेह आणि हृदयविकाराचा धोका कमी बीएमआयलाच सुरू होतो, म्हणून २००४ मध्ये संघटनेच्या तज्ज्ञगटाने त्यांच्यासाठी २३ आणि २७.५ या सावधगिरीच्या जास्तीच्या रेघा सुचवल्या. सकाळी मी २७.५ च्या अलीकडे, रात्री पलीकडे. दशांशावर जीव टाकणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं. इथून पुढे उंची एकच, सकाळची.

माझ्या उंचीला २५ म्हणजे ७० किलो, २३ म्हणजे ६४.५, आणि १८.५ म्हणजे ५१.८. एवढा रुंद पट्टा ‘योग्य’ म्हणवतो, तेव्हा ‘आदर्श वजन’ नावाचा एकच आकडा शोधण्यात अर्थ नाही.

१९ जानेवारी

कंबर. माझा समज होता की पँट ३४ इंची, म्हणजे ८६ सेंमी. पँट पोटाच्या खाली बसते, तो घेर पोटाचा नव्हेच. मोजायची जागा: शेवटची बरगडी कुठे संपते ते कुशीला चाचपायचं, कमरेच्या हाडाची वरची कड चाचपायची, दोन्हीच्या बरोबर मध्ये टेप. टेप पाठीमागे खाली घसरते, आरशात बघून सरळ करावी लागते. श्वास नेहमीसारखा सोडायचा आणि तेव्हाचा आकडा घ्यायचा. पोट आत ओढलं तर चार सेंटिमीटर फुकटात कमी होतात, करून बघितलं.

९४ सेंमी. कंबर उंचीच्या निम्म्यापेक्षा कमी असावी असं ब्रिटनची नाइस ही उपचारांचे निकष ठरवणारी संस्था २०२२ पासून सांगते. माझं निम्मं ८३.७. दक्षिण आशियाई पुरुषांसाठी मधुमेहतज्ज्ञ ९० सेंमीची रेघ धरतात, बायकांसाठी ८०. दोन्हीकडे नापास.

बीएमआय एकटा का पुरत नाही याचं माझं आवडतं उदाहरण २००४ च्या ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकातलं. पुण्याचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे जॉन युडकिन या दोन संशोधकांनी स्वतःचीच मापं छापली. दोघांचा बीएमआय सारखाच, २२.३. शरीरातली चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिक यांची २१.२ टक्के. सूत्राला किलो दिसतात. ते किलो कशाचे हे दिसत नाही. त्याचा दोष तरी काय? क्वेतले या बेल्जियन गणितज्ञाने एकोणिसाव्या शतकात ते मांडलं ते ‘सरासरी माणूस’ शोधायला, दवाखान्यासाठी नव्हे. बॉडी मास इंडेक्स हे नाव १९७२ चं, ॲन्सेल कीज या अमेरिकी शरीरशास्त्रज्ञाने दिलेलं, आणि त्याच्या त्या अभ्यासात सगळे पुरुषच होते.

तेव्हा वहीत दोन रकाने: वजन रोज, कंबर पंधरा दिवसांनी.

२ फेब्रुवारी

रोजच्या आकड्याने डोकं फिरतं. शनिवारी खारट जेवण झालं, रविवारी सकाळी १.२ किलो जास्त. ही चरबी असती तर त्यासाठी गरजेपेक्षा नऊ हजारांवर कॅलरी जास्त खाव्या लागल्या असत्या. हे पाणी. शरीर पिष्टमय पदार्थांचा साठा स्नायूंत आणि यकृतात करतं, त्या साठ्याच्या दर ग्रॅमबरोबर तीनेक ग्रॅम पाणी धरून ठेवतं, मिठामुळे धरलेलं पाणी वेगळंच. डाएट सुरू केल्यावर पहिल्या आठवड्यात दोन किलो ‘उतरतात’ ते बहुतांश हेच.

उपाय: सकाळी शौचाला जाऊन आल्यावर, काही खाण्यापिण्याआधी वजन. त्या दिवशी फक्त लिहायचं. मत बनवायचं ते सात दिवसांच्या सरासरीवर. माझी आजची सरासरी ७६.५.

डॉक्टरांकडे रक्तदाब आणि रक्त तपासून घेतलं. साखर ‘सीमेवर’. त्यांनी लक्ष्य दिलं ते बीएमआयचं नाही: आहे त्या वजनाच्या पाच टक्के आधी कमी करा, तेवढ्यानेही साखर आणि रक्तदाब हलतात. पाच टक्के म्हणजे पावणेचार किलो. घाई नको, आठवड्याला अर्ध्या किलोपेक्षा जास्त नको.

१६ फेब्रुवारी

खाल्लेलं लिहून काढतोय. हिशेबाप्रमाणे वजन उतरायला हवं, उतरत नाही. चोर तेलात सापडला. वहीत ‘तेल एक चमचा’ लिहीत होतो, म्हणजे ५ ग्रॅम, ४५ कॅलरी. तेलाची बाटली स्वयंपाकघरातल्या छोट्या काट्यावर आधी आणि नंतर ठेवली तर माझ्या वाट्याला २४ ग्रॅम गेलेलं. तेलाच्या प्रत्येक ग्रॅमला ९ कॅलरी, म्हणजे २१६. रोज १७० कॅलरी वहीबाहेर, महिन्याला पाच हजारांवर. बाटली बदलून तोंडाला बारीक धार असलेली आणली, आणि कढईत ओतण्याआधी चमच्यात ओतायचं ठरवलं. चव बदलली नाही, खरंच नाही.

दुसरा चोर उभ्या उभ्या खाणं. ताटात न वाढलेलं काहीच वहीत येत नाही. कोणाच्या ताटातलं उरलेलं, डबा भरताना तोंडात टाकलेली मूठ. यावर वजन करून लिहिण्याचा उपाय टिकत नाही, वैताग येतो. बसल्याशिवाय खायचं नाही एवढा एकच नियम टिकला.

१५ मार्च

सरासरी ७५.४. यायला हवी होती त्यापेक्षा थोडी जास्त. कारण हातातलं घड्याळ. चालून आलो की ते ‘३८० कॅलरी खर्च’ सांगतं आणि मी तेवढं खाण्याचा परवाना समजत होतो. घड्याळाचा कॅलरीचा आकडा अंदाज असतो, आणि बसून राहिलो असतो तरी शरीराने जे जाळलं असतं तेही बहुतेक वेळा त्यातच धरलेलं असतं. शिवाय दिवसाची गरज काढताना चालणं मी आधीच धरलं होतं, म्हणजे एकच खर्च दोनदा मांडला. घड्याळाचा तो पडदाच बंद केला. चालायचं, पण त्याच्या बदल्यात खायचं नाही.

२६ एप्रिल

७३.०. डॉक्टरांचं पहिलं लक्ष्य जवळपास गाठलं, कंबर ९०.

आता स्नायूंचा प्रश्न. वजन उतरतं तेव्हा चरबीबरोबर स्नायूही जातात, आणि काहीच केलं नाही तर जास्त जातात. आठवड्यात १५० ते ३०० मिनिटं मध्यम व्यायाम आणि निदान दोन दिवस स्नायूंचा, ही जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस. पहिला भाग चालण्यात होत होता, दुसरा शून्य. बैठका, दंड आणि पाठीवर वजनाची पिशवी घेऊन पायऱ्या चढणं सुरू केलं. जेवणात प्रथिनं वाढवली.

१७ मे

व्यायाम सुरू केल्यापासून सरासरी वर: ७३.६. जुना मी असतो तर वही फेकून दिली असती. कंबर मोजली, ८९. वजन वाढलं आणि घेर घटला. सवय नसलेल्या स्नायूंना ताण दिला की ते सुजतात, पाणी धरतात. काही आठवडे काटा खोटी बातमी देतो. कमरेचा रकाना नसता तर मी याच आठवड्यात जेवण आणखी कापलं असतं.

१४ जून

पाणी ओसरलं, सरासरी ७२.७, आणि तिथेच अडकलीय. ‘चयापचय मंदावलं’ हे सगळ्यांचं आवडतं उत्तर. विश्रांतीत शरीराला किती कॅलरी लागतात याचा अंदाज देणाऱ्या मिफ्लिन-सेंट जिओर सूत्राने तपासलं. त्यात प्रत्येक किलोमागे विश्रांतीची गरज १० कॅलरींनी कमी होते. चार किलो गेले म्हणजे ४०, हालचाल धरून पन्नास-साठ. सूत्रापेक्षा थोडी जास्त काटकसर शरीर करतं हे खरं आहे, पण सगळं खापर चयापचयावर फोडता येईना. वही मागे जाऊन वाचली तर एप्रिलमध्ये नोंदी तपशिलात आहेत, जूनमध्ये ‘नेहमीचंच’ असा एकच शब्द. दोन आठवडे पुन्हा तोलून लिहायचं. जेवण आणखी कापायचं नाही. रोजचं चालणं वीस मिनिटांनी वाढवलं, कारण कमी खाणारा माणूस नकळत हालचालही कमी करतो. मी जिन्याऐवजी लिफ्ट घ्यायला लागलो होतो.

२१ जून

विषयांतर, पण कामाचं. चौकटीवर खुणा आहेतच म्हणून घरातल्या सगळ्यांना उभं केलं. आईचं वय ७१, वजन ५१.५. तिच्या जुन्या कागदांवर उंची १५५, म्हणजे बीएमआय २१.४. चौकटीवर ती १५०.५ निघाली.

“अरे, मी काय कुर्ता आहे का, धुतल्यावर आटायला?” आई म्हणाली.

नव्या उंचीने बीएमआय २२.७. दोन्ही आकडे पट्ट्यात आहेत, पण इथे बीएमआय महत्त्वाचा नव्हताच. तरुणपणीच्या उंचीत चार सेंटिमीटरहून जास्त घट दिसली तर मणके ठिसूळ होऊन दबलेत का हे बघायला हवं. हाडांची घनता तपासायला तिला घेऊन गेलो, उपचार सुरू झाले. वजन कमी करायला तिला कोणी सांगू नये. या वयात जाणारा किलो बऱ्याचदा स्नायूंचा असतो.

अकरा वर्षांच्या पुतण्याने स्वतःचा बीएमआय काढून “काका, मी कमी वजनाचा!” म्हणून जाहीर केलं. मोठ्यांचे पट्टे मुलांना लागत नाहीत. पाच ते एकोणीस वयाला वय आणि लिंग यांप्रमाणे वेगळे आलेख असतात. आलेखावर तो मधोमध आहे. गरोदर बायकांनाही हे पट्टे लागू नाहीत.

९ ऑगस्ट

तापाने आडवा होतो. उठलो तेव्हा ६९.४, पहिल्यांदा सत्तरच्या आत. हा आकडा वहीत कंसात लिहिलाय, सरासरीत धरला नाही. आठवड्याभरात ७०.७ वर परत. आपोआप आलेल्या कमी वजनावर विश्वास ठेवू नका. आणि काहीही न करता वजन उतरतच राहिलं तर आनंद मानत न बसता डॉक्टरांकडे जा.

२० सप्टेंबर

सरासरी ६९.०, बीएमआय २४.६, कंबर ८६.५. रक्तातली साखर सीमेच्या आत.

२३ साठी आणखी साडेचार किलो लागतील. माझं मन तिकडे धावत होतं. डॉक्टरांनी थांबवलं: आधी सहा महिने इथे राहून दाखवा. मला पटलं. २४.६ वरून २३ वर जाऊन वर्षात २७ ला परतण्यापेक्षा २४.६ बरा. कमरेचे तीन सेंटिमीटर अजून बाकी आहेत, ते व्यायामाने जातील तेव्हा जातील.

१८ ऑक्टोबर

टिकवणं हे उतरवण्यापेक्षा कंटाळवाणं काम आहे. उतरवताना काट्यावर दर आठवड्याला काहीतरी घडतं. आता काहीच घडू नये यासाठी राबायचं. पहिल्या आठवड्यांत वही बंद केली होती, कारण ‘झालं’. सरासरी गुपचूप ६९.८.

मग पट्टा ठरवला: ६८ ते ७०. सरासरी आत आहे तोवर खाणं लिहायचं नाही, फक्त रोज वजन. सलग दोन आठवडे सरासरी ७० च्या वर राहिली तर वही उघडायची आणि ६९ येईपर्यंत लिहायचं. ६८ च्या खाली गेली तर जेवण वाढवायचं. हा दुसरा नियम लोक विसरतात. वर गेल्यावर उपास करायचा नाही: एकदा केला, संध्याकाळी त्याची दुपटीने भरपाई झाली.

अमेरिकेत १९९४ मध्ये एक नोंदवही सुरू झाली, नॅशनल वेट कंट्रोल रजिस्ट्री. किमान १३.६ किलो उतरवून वर्षभर टिकवलेल्यांनाच तिच्यात जागा. स्वतःहून नाव नोंदवणारी माणसं ती, त्यामुळे सगळ्यांना लागू नाही. तरी त्यांच्यात वारंवार दिसणाऱ्या गोष्टी फार साध्या आहेत: नियमित वजन करणं, आणि रोज तासाभराच्या आसपास शारीरिक हालचाल.

२९ नोव्हेंबर

कामाचा रेटा आला, चालणं सुटलं, रात्री उशिरा खाणं सुरू झालं. सरासरी दोन आठवडे ७०.४. नियमाप्रमाणे वही उघडली. या वेळी तेल नव्हतं, रात्रीच्या कामासोबतचा चहा आणि त्यासोबतचं काहीतरी होतं. चहा ठेवला, काहीतरी काढलं. चालणं सकाळी हलवलं, कारण संध्याकाळ माझ्या हातात राहत नाही.

२० डिसेंबर

६९.२, कंबर ८६. वही बंद. काट्याची बॅटरी बदलली. बदलल्यावर पाण्याच्या कॅनने पुन्हा तपासला, दहा लिटरला ९.९ च दाखवतोय. खडूचे कोपरे पुसट झाले होते, परत आखले. रक्ताची पुढची तपासणी मार्चमध्ये.